एका वहीच्या पाच खिडक्या

इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुणा ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या व्यापाऱ्यानं तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची, मालाची आणि वाटांची माहिती लिहून ठेवली. 'पेरिप्लस' म्हणून ती ओळखली जाते. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं फार मोठं शहर आहे, असं त्यात म्हटलंय. तगराहून साधं कापड आणि मलमल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जाते, असंही. पुढच्या शतकात टॉलेमीनं तगराचं नाव घेतलं. त्यानंतर कित्येक शतकांनी कोकणातले आणि कोल्हापूरचे शिलाहार राजे स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवत होते. म्हणजे शहर होतं, नक्की होतं. पण कुठे?

आज उत्तर शाळकरी मुलंही देतील: तेर. धाराशिव जिल्ह्यातलं, तेरणेच्या काठचं, गोरोबाकाकांचं तेर. पण या उत्तरापर्यंत पोचायला शंभरावर वर्षं गेली. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सिस विल्फर्डनं तगर म्हणजे देवगिरी असं ठरवलं. पंडित भगवानलाल इंद्रजींना ते जुन्नर वाटलं. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी धारूरकडे बोट दाखवलं. १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी तेरचं नाव मांडलं, पाठोपाठ पुरातत्त्व खात्याच्या हेन्री कझिन्स यांनी तिथल्या अवशेषांवर लिहिलं, आणि वाद हळूहळू निवला.

मला या वादाचं वेड आहे. चारही जण हुशार, चारही जणांपुढे पेरिप्लसमधली तीच दोन-चार वाक्यं, आणि चार वेगळी गावं! कुणी दिशेवर भर दिला, कुणी अंतरावर, कुणी नावाच्या उच्चारावर. यातली गंमत कळायची तर चौघांची बाजू एकामागून एक वाचून भागत नाही. ती एकाच वेळी, शेजारी शेजारी दिसावी लागते, आणि मधोमध पेरिप्लसची ती वाक्यं.

टेबलावर पाच पुस्तकं उघडी ठेवणं सोपं आहे. संगणकाच्या पडद्यावर पाच टिपणं उघडी ठेवणंही सोपं वाटतं. खिडक्या उघडायच्या नि मांडायच्या. खिडक्यांची मांडामांड हा विषय ऐकूनच कुणाला जांभई येईल. मलाही आली असती. पण माझ्या टिपणांची वही ज्या साधनात आहे, त्यात एक नोंद वेगळ्या खिडकीत उघडली की पडद्यामागे जे घडतं, ते इतकं सुंदर आहे की त्यावर लिहिल्यावाचून राहवत नाही.

साधनाचं नाव टिडलीविकी. ब्रिटिश प्रोग्रॅमर जेरेमी रस्टन यांनी सप्टेंबर २००४ मध्ये ते लोकांपुढे ठेवलं. आज वापरात आहे तो मुळापासून नव्यानं लिहिलेला अवतार २०१४ मध्ये पक्का झाला. विकी म्हणजे कुणीही, कधीही, जागच्या जागी दुरुस्त करू शकेल अशी एकमेकांना जोडलेली पानं. १९९५ च्या मार्चमध्ये वॉर्ड कनिंगहॅम यांनी पहिलं विकी सुरू केलं ते अनेकांनी मिळून लिहिण्यासाठी. विकिपीडिया त्याच वाटेवरचा. रस्टन यांनी हीच कल्पना एका माणसासाठी वापरली. पानांऐवजी छोट्या छोट्या नोंदी, प्रत्येकीला एक नाव. दोन चौकटी कंसांत नाव लिहिलं, जसं [[तेर]], की झाला दुवा. नाव मराठीत चालतं, ग्रीकमध्ये चालतं.

पण खरी चकित करणारी गोष्ट पुढे आहे. हे सगळं मिळून एकच फाइल असते. रिकामी वही दोन-अडीच एमबीची. त्यात तुमच्या नोंदी तर असतातच, पण त्या दाखवणारा, शोधणारा, जोडणारा, दुरुस्त करू देणारा सगळा प्रोग्रॅमही त्याच फाइलच्या पोटात असतो. पेनड्राइव्हवर घाला, तेरला न्या, कळंबला न्या, इंटरनेट नसलेल्या कुठल्याही संगणकावर साध्या ब्राउझरमध्ये उघडा, वही चालू. मागे सर्व्हर नाही, बसवायचं काही नाही. फाइल उघडताक्षणी तिच्यातला प्रोग्रॅम जागा होतो, त्याच फाइलमधल्या नोंदी वाचून संगणकाच्या स्मृतीत घेतो आणि पान रंगवतो. सोयीसाठी या स्मृतीतल्या साठ्याला आपण भांडार म्हणू.

आता माझी 'तगर' वही. तीत 'विल्फर्ड', 'भगवानलाल', 'भांडारकर', 'फ्लीट' अशा चार नोंदी आहेत आणि पाचवी 'पेरिप्लसमधला उतारा'. टिडलीविकीत एका नोंदीचा मजकूर दुसऱ्या नोंदीत नकल न करता दाखवता येतो. म्हणजे चौघांच्याही नोंदीत वरती पेरिप्लसचा उतारा दिसतो, पण तो चार वेळा लिहिलेला नाही. एकाच जागी आहे आणि चार जागी दिसतो. उताऱ्याच्या भाषांतरात एक शब्द बदलला की चारही ठिकाणी बदलतो. ही कल्पना टेड नेल्सन यांची, वर्ल्ड वाइड वेबच्याही आधीची. वेबनं ती घेतली नाही, आणि ती न घेणं ही मोठीच चूक होती असं माझं मत आहे. वेबवर आपण दुवे देतो आणि मजकूर मात्र चिकटवत बसतो.

शेजारी शेजारी ठेवून वाचण्याची गरज संगणकाच्या किती तरी आधीची आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात, म्हणजे वरच्या चौघांतल्या भांडारकरांच्याच नावानं १९१७ मध्ये निघालेल्या संस्थेत, महाभारताची चिकित्सक आवृत्ती झाली. १९१९ मध्ये सुरू झालेलं काम १९६६ मध्ये पुरं झालं. त्यासाठी देशभरातली आणि परदेशातली मिळून १,२५९ हस्तलिखितं पाहिली गेली. इतकी हस्तलिखितं कुणी टेबलावर मांडू शकत नाही. मग तिथे चौकोन आखलेले मोठे कागद असत. वरच्या आडव्या ओळीत श्लोक, एका चौकोनात एक अक्षर. खाली एकेका हस्तलिखिताची एकेक ओळ, आणि जिथे पाठ वेगळा असेल तिथेच, त्याच अक्षराच्या बरोब्बर खाली, तो फरक. काश्मीरच्या शारदा लिपीतली पोथी आणि केरळातली मल्याळम पोथी एका कागदावर वर-खाली येत. संपादक वि. स. सुखठणकर आणि त्यांचे सहकारी या कागदांवर डोळे ठेवून ठरवत, कोणता पाठ जुना. महाभारताचा हा पडदा होता आणि प्रत्येक ओळ ही एका पोथीत उघडणारी खिडकी. फक्त त्या खिडक्या जिवंत नव्हत्या. कागदावर एक पाठभेद चुकीचा उतरला तर मूळ पोथीला त्याचा पत्ता नसे, आणि दुसऱ्या कागदाला तर नसेच नसे.

संगणकाच्या पडद्यावर मजकुराचे तुकडे शेजारी ठेवण्याचं स्वप्न ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत डग्लस एंगेलबार्ट यांनी हजारेक लोकांपुढे प्रत्यक्ष करून दाखवलं, माउसही तेव्हाच सगळ्यांनी पाहिला. पुढे सत्तरच्या दशकात झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात एकमेकींवर चढणाऱ्या खिडक्या आल्या. तिथपासून आजपर्यंतचा इतिहास रंजक आहे, पण तो पुष्कळांनी लिहिलाय. आपण परत वहीकडे वळू.

माझ्या वहीत दोन खिडक्या उघडायचे दोन मार्ग आहेत. दिसायला दोन्ही सारखे, आतून अगदी उलटे.

पहिला मार्ग सगळ्यांना सुचतो. वहीची फाइल एकदा उघडली आहे. तीच फाइल आणखी एका टॅबमध्ये उघडायची. एकीत फ्लीट, दुसरीत भांडारकर. झालं की! पण इथे काय घडलं पाहा. दुसऱ्या टॅबनं फाइल नव्यानं वाचली, स्वतःचा प्रोग्रॅम जागा केला, स्वतःचं भांडार भरलं. आता एका वहीच्या दोन वह्या झाल्या. दोघींना एकमेकींची खबर नाही. एकीत फ्लीटच्या नोंदीत चार ओळी वाढवल्या, साठवल्या. मग दुसरीत भांडारकरांच्या नोंदीत दोन ओळी वाढवल्या, साठवल्या. दुसरी टॅब साठवते ती काही फक्त भांडारकरांची नोंद नव्हे. अख्खी फाइल, तिच्या समजुतीप्रमाणे जशी आहे तशी. आणि तिच्या समजुतीत फ्लीटच्या त्या चार ओळी कधी लिहिल्याच गेल्या नाहीत. त्या गेल्या. काही मोडलं नाही, लाल अक्षरात सूचना आली नाही. शेवटी साठवणाऱ्याची वही ती खरी वही ठरली.

जुन्या काळच्या सातबाऱ्याचंच घ्या ना. सातबारा तलाठ्याच्या दप्तरात असायचा, आपल्या हाती यायचा तो उतारा. वारसाची नोंद झाली, फेरफार मंजूर झाला, की दप्तर बदलायचं. पाकिटातला घडी घातलेला उतारा मात्र होता तसाच राहायचा. आता कल्पना करा की दोघा भावांनी आपापल्या उताऱ्यावर आपापल्या परीनं खाडाखोड केली, आणि जो शेवटी चावडीवर पोचला त्याचाच उतारा दप्तर म्हणून ठेवून घेतला. दुसऱ्या टॅबनं फाइल साठवणं म्हणजे नेमकं हे.

संगणकशास्त्रात हा दुखरा प्रश्न जुना आहे. बँकेच्या खात्यांपासून रेल्वेच्या आरक्षणापर्यंत त्यावर कुलुपं, क्रमांक, तारखा असे नाना बंदोबस्त करून ठेवलेत. आपल्या एकट्याच्या वहीत तसला बंदोबस्त नाही. असण्याची गरजही नाही, कारण दुसरा मार्ग आहे.

दुसरा मार्ग असा. वही एकदाच उघडायची. नोंदीच्या डोक्यावर बटणं असतात. त्यांतल्या 'आणखी' या यादीत नवीन खिडकीत उघडण्याचं बटण दडलेलं आहे. ते दाबलं की ती एकच नोंद घेऊन छोटी खिडकी बाहेर येते. 'फ्लीट' एका कोपऱ्यात, 'भांडारकर' दुसऱ्या, 'भगवानलाल' आणि 'विल्फर्ड' खाली. आणि मूळ खिडकीत पेरिप्लसचा उतारा दुरुस्त करायला घ्या. 'फार मोठं शहर' खोडून 'अतिशय मोठं शहर' लिहा आणि खूण करून नोंद पक्की करा. चारही खिडक्यांत शब्द बदललेला! तुम्ही त्या खिडक्यांना हातही लावला नाही.

हे कसं होतं ते सांगण्यासाठीच हा सगळा प्रपंच.

मूळ खिडकी ब्राउझरला सांगते, एक खिडकी उघड. पत्ता काहीच देत नाही. ब्राउझर कोरी खिडकी उघडतो: तिच्यात मजकूर नाही, प्रोग्रॅम नाही, भांडार नाही. साधारणपणे ब्राउझर दोन खिडक्यांना एकमेकींच्या आत डोकावू देत नाही. तुमच्या बँकेचं पान एका टॅबमध्ये आणि कसलीशी जाहिरात दुसऱ्यात असताना जाहिरातीनं बँकेच्या पानावरचे आकडे वाचले तर काय होईल? म्हणून प्रत्येक पानाचं मूळ पाहिलं जातं आणि मूळ वेगळं तर दार बंद. पण कोऱ्या खिडकीला स्वतःचं मूळच नसतं. तिला उघडणारीचं मूळ वारसानं मिळतं. दोघी एका घरच्या ठरतात, म्हणून मूळ खिडकी त्या कोऱ्या खिडकीत मुक्तपणे लिहू शकते.

मग मूळ खिडकी तिथे आधी रंग-आकारांचे नियम नेऊन ठेवते, म्हणजे अक्षरं, समास, पार्श्वभूमी सगळं वहीसारखंच दिसेल. त्यानंतर नोंद रंगवायला एक रचना उभी करते. तिच्या फांद्या-उपफांद्यांवर परिच्छेद, दुवे, चित्रं, बटणं, आणि बाहेरून आणून दाखवलेले पेरिप्लससारखे तुकडे टांगलेले असतात. मूळ खिडकीची स्वतःची अशीच एक मोठी रचना असते. छोट्या खिडकीची रचना वेगळी, पण तिचा बुंधा मूळ खिडकीतच रोवलेला. आणि दोन्ही रचना एकाच भांडाराकडे पाहतात. छोटी खिडकी म्हणजे मूळ खिडकीच्या बुद्धीनं चालणारा आणखी एक पडदा.

भांडारात एखादी नोंद बदलली की तिचं नाव एका यादीत टिपलं जातं. लगेच आरडाओरडा होत नाही. हातातलं काम संपेपर्यंत आणखी काही बदललं तर तीही नावं त्याच यादीत जातात. मग एकदाच दवंडी पिटली जाते: अमुक अमुक नोंदी बदलल्या. प्रत्येक खिडकीची रचना ही यादी घेऊन आपल्या बुंध्यापासून शेंड्यापर्यंत जाते आणि फांदीफांदीला विचारते, यात तुझं काही आहे का? 'फ्लीट'च्या खिडकीतले बाकीचे परिच्छेद म्हणतात, नाही. पेरिप्लसचा तुकडा म्हणतो, आहे. तेवढाच तुकडा पुन्हा रंगवला जातो. बाकीचं पान हलतही नाही. तुम्ही अर्ध्यावर खाली सरकवून ठेवलं असेल तर तिथेच राहतं.

यातलं एक बारीक कौशल्य मला फार आवडतं. तुम्ही टंकन करत असता तेव्हा प्रत्येक अक्षरागणिक कच्चा खर्डा भांडारात बदलत असतो. दर अक्षराला सगळं पान तपासत बसलं तर मोठ्या वहीत बोटं पडद्याच्या पुढे पळतील. म्हणून नुसता खर्डाच बदलत असेल तर मूळ खिडकीची रचना वाट पाहते: शेवटचं अक्षर उमटून ४०० मिलिसेकंद गेले, म्हणजे अर्ध्या सेकंदाहूनही कमी, की मगच तपासणी. तुम्ही विचार करायला थांबता त्या श्वासाइतक्या वेळात वही आपलं आवरून घेते.

हो, आणि खर्डा भांडारात बदलत असतो म्हणजे काय? दुरुस्तीला घेतलेली नोंद हीसुद्धा एक नोंद असते, वेगळ्या नावाची. इथून पुढे टिडलीविकी मला जवळजवळ तत्त्वज्ञानाच्या प्रांतात नेतं. कारण त्यात सगळंच नोंद आहे. मूळ खिडकीत आत्ता कोणकोणत्या नोंदी उघड्या आहेत आणि कोणत्या क्रमानं, ही यादी? तीही एक नोंद. रंगांचा संच? नोंद. बटणांची चित्रं? नोंदी. एखादा झाकलेला मजकूर उघडलाय की मिटलाय? नोंद. प्रोग्रॅमचे तुकडेसुद्धा नोंदीच आहेत आणि वहीतच शोधून वाचता येतात. म्हणजे वहीला स्वतःच्या पोटातलं वाचता येतं, आणि तुम्ही धीट असाल तर ते बदलताही येतं.

आता ही गोष्ट खिडक्यांशी जोडून पाहा. छोट्या खिडकीत एखाद्या दुव्यावर टिचकी मारली, समजा 'फ्लीट'मधल्या [[शिलाहार]] वर, तर 'शिलाहार' तिथे उघडत नाही. मूळ खिडकीत उघडते. पहिल्यांदा पाहणारा गोंधळतो, काहीच झालं नाही असं त्याला वाटतं. पण दुव्यानं काय केलं? उघड्या नोंदींच्या यादीत एक नाव घातलं. ती यादी दाखवण्याचं काम मूळ खिडकीचं आहे, म्हणून तिनं ते दाखवलं. वर्तन विचित्र वाटलं तरी नियम एकच पाळला गेलाय. मला तर ते सोयीचंच वाटतं. तुलनेला मांडलेल्या खिडक्या जागच्या हलत नाहीत आणि भटकंती होते ती मोठ्या खिडकीत.

आणखी एक करामत. एका छोट्या खिडकीत नुसती निवडयादी ठेवायची: दिशा, अंतर, व्यापारी माल, नावाचा उच्चार, सापडलेले अवशेष. निवडलेला शब्द 'निवड' नावाच्या नोंदीत जाऊन बसतो. चौघांच्या नोंदी अशा लिहायच्या की प्रत्येकीनं 'निवड' पाहून तेवढ्याच मुद्द्यावरचा आपला परिच्छेद पुढे करावा. आता यादीत 'दिशा' निवडली की चारही खिडक्या एकदम दिशेबद्दल बोलू लागतात. पेरिप्लस म्हणतो पैठणच्या पूर्वेला. जुन्नर तर पैठणच्या पश्चिमेला! देवगिरी पैठणच्या उत्तरेला, तीही दहा दिवसांच्या वाटेवर खासच नव्हे. धारूर आणि तेर दोन्ही आग्नेयेला, तेर आणखी लांब. 'अवशेष' निवडलं की चित्र आणखी पालटतं: तेरमधल्या विटांच्या त्रिविक्रम मंदिराची मागची बाजू चैत्यासारखी अर्धगोल आहे, म्हणजे इमारत मुळात वेगळ्याच काळाची आणि बहुधा वेगळ्याच धर्माची. फ्लीटचं पारडं जड होतं ते कुठल्या एका मुद्द्यावर नव्हे. पाच मुद्दे फिरवून पाहताना सगळीकडे उभं राहणारं गाव एकच उरतं. हे मी पूर्वी वाचलं होतं. खिडक्या मांडल्यावर ते मला दिसलं, आणि दिसणं ही वेगळी चीज आहे.

(गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन संतमंडळींची डोकी ठोकून कोण कच्चं, कोण पक्कं हे तपासलं, ती कथाही तेरचीच. चार विद्वानांना ओळीनं बसवल्यावर ती आठवली नाही असं कसं म्हणू?)

या खिडक्यांना मर्यादा आहेत. मूळ खिडकी बंद केली की तिच्यातून निघालेल्या सगळ्या छोट्या खिडक्या त्याच क्षणी मिटतात. हा दोष नव्हे. त्यांना चालवणारी बुद्धीच गेल्यावर मागे राहिली असती ती न बदलणारी निर्जीव चित्रं, आणि त्यांच्यावर कुणी विसंबलं असतं तर पुन्हा जुन्या उताऱ्याची गत. म्हणून मूळ खिडकी जाताना स्वतःच त्यांना मिटवते. वही पुन्हा उघडली तर छोट्या खिडक्या आपणहून परत येत नाहीत. नोंदी शाबूत असतात, मांडणी मात्र विसरलेली. त्यावर उपाय आहे. खिडकी उघडण्याच्या आज्ञेत तिची रुंदी, उंची आणि पडद्यावरची जागा देता येते. 'मांडणी' नावाची एक नोंद करून तीत एकच बटण ठेवलं, आणि त्या बटणाच्या पोटात चार खिडक्यांच्या चार आज्ञा, की एका दाबात सगळा वाद आपापल्या कोपऱ्यात उभा. कुणी म्हणेल, मग हे वहीनं स्वतःच का करू नये? माझ्या मते नाही करत तेच बरं. रोज सकाळी कालचा सगळा पसारा अंगावर येण्यापेक्षा हवा तो पसारा बटणानं बोलावलेला चांगला. मोबाइलवर मात्र यातलं फारसं जमत नाही. तिथे खिडकी म्हणजे अख्खा पडदा, आणि शेजारी हा शब्दच नाही.

साठवण्याची गोष्ट थोडी रुसवी आहे. वेबपानानं संगणकावरच्या फाइलीत परस्पर लिहू नये असा ब्राउझरचा दंडक आहे, आणि तो योग्यच आहे. त्यामुळे काही वेगळी सोय केली नसेल तर दर वेळी वहीची नवी प्रत डाउनलोडमध्ये पडते, मग दोन नंबरची, मग तीन. फायरफॉक्ससाठी एक छान जोडणी होती, ती २०१७ च्या नोव्हेंबरात ब्राउझरची घडणच बदलली तेव्हा बाद झाली. आता इतर अनेक मार्ग आहेत. ज्यांना तेरात एक आणि पुण्यात एक असं दोघांनी मिळून लिहायचंय, त्यांच्यासाठी सर्व्हरवर चालणारा प्रकारही आहे. त्यात प्रत्येक नोंदीची वेगळी छोटी फाइल असते आणि ब्राउझर साधारण मिनिटाला एकदा सर्व्हरला विचारतो, काही नवीन? तिथे अख्खी वही पुसली जाण्याची भीती उरत नाही, पण एकाच नोंदीवर दोघं एकाच मिनिटात बसले तर शेवटचा जिंकतो हा जुना नियम नोंदीपुरता तरी लागूच राहतो.

राहिली ती बाहेरची खिडकी, म्हणजे वहीबाहेरच्या पानाची. तेरला एक हस्तिदंती बाहुली सापडली आहे, भरपूर दागिन्यांनी मढलेली. तिच्यासारखीच एक १९३८ मध्ये इटलीतल्या पाँपेईच्या अवशेषांत मिळाली. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेनं पाँपेई गाडलं गेलं, तेव्हा ती बाहुली त्याआधी तिथे पोचलेली असणार हे उघड आहे. भोकरदनलाही त्या घडणीची एक मिळाली. पेरिप्लसमधल्या त्या गाड्यांवर कापडाखेरीज काय काय लादलं जात असेल, याचा अंदाज या बाहुल्या देतात. तेरमधल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात तिथल्या उत्खननांत आणि शेतांत मिळालेल्या अशा कितीतरी मातीच्या, शंखाच्या, हस्तिदंताच्या वस्तू बघायला मिळतात.

माझ्या वहीत तेरच्या बाहुलीची नोंद आहे: एक रेखाचित्र आणि चार ओळी. चित्रसुद्धा त्याच फाइलमध्ये, अक्षरांत रूपांतर करून भरलेलं. त्या रूपांतरात ते मूळ आकाराच्या तिसऱ्या हिश्श्यानं फुगतं, तेवढी किंमत वही एकसंध ठेवण्यासाठी मोजावी लागते. पाँपेईची बाहुली आहे नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात. तिचं पान मी वहीतूनच वेगळ्या खिडकीत उघडतो आणि दोघींना शेजारी ठेवतो. दिसायला दोन्ही खिडक्या सारख्याच. पण नेपल्सच्या पानाचं मूळ वेगळं. ते कोरी खिडकी म्हणून जन्मलेलं नाही, स्वतःचा पत्ता घेऊन आलेलं आहे. म्हणून माझी वही त्याच्यात एक अक्षर लिहू शकत नाही, त्यातलं एक अक्षर वाचू शकत नाही. 'निवड' बदलली की तेरची बाहुली लगेच 'सापडल्याचं ठिकाण' किंवा 'केशरचना' सांगू लागते, नेपल्सची ढिम्म. आणि काम संपवून मी वही बंद केली की तेरची बाहुली वहीबरोबर जाते, पाँपेईची पडद्यावर तशीच उभी राहते. तिची खिडकी वेगळी बंद करावी लागते.